कंत्राटी राबतो, पर्मनंट बसतो? कुपवाडच्या मशीन शॉपमधून थोडं

आयटीआय किंवा डिप्लोमा करून कुपवाड, मिरज नाहीतर पलूसच्या एमआयडीसीत पहिली नोकरी बघणारी पोरं हटकून एक प्रश्न विचारतात. राबायचं ठेकेदाराच्या पोरांनी आणि पगार उचलायचा पर्मनंटनं, हे खरं आहे का? गाड्यांच्या पार्ट्सचं मशिनिंग करणाऱ्या एका शॉपमध्ये मी आधी ठेकेदाराकडून लागलो, पुढं कंपनीच्या रोलवर आलो. दोन्ही रजिस्टरवर नाव लागलंय, म्हणून सांगतो.

पीस मोजायचे तर खरं आहे. शिफ्ट संपताना बोर्डावर जो आकडा पडतो, त्यातला मोठा वाटा कंत्राटी पोरांचा असतो. लोडिंग-अनलोडिंग, डेबरिंग (पार्टच्या कडा साफ करणं), धातूच्या चिप्सची ट्रॉली ओढणं, कुलंट भरणं आणि वर रविवारची ओटी (ओव्हरटाइम), सगळं त्यांच्याच गळ्यात. पर्मनंट माणूस त्याच मशीनवर असला तरी एका आकड्याला थांबतो, आणि नव्या पोराला तेच खुपतं.

तो का थांबतो हे समजून घ्या, कारण कॉलेजात हे कुणी शिकवत नाही. जिथं युनियन आहे तिथं दर काही वर्षांनी पगारवाढीचा करार होतो. कंपनी पगार वाढवते, त्या बदल्यात उत्पादन वाढवून मागते. कुठल्या मशीनवर कुठल्या पार्टचे शिफ्टला किती पीस, हे त्या वाटाघाटीत ठरतं. ठरलेले पीस झाले की जुना माणूस मशीन पुसतो, हात धुतो आणि चहाला जातो. आज त्यानं वीस जास्त काढले तर पुढच्या करारात व्यवस्थापन तोच आकडा टेबलावर ठेवणार, आणि मग वाढ कशाच्या बदल्यात मागायची? कंत्राटी पोराचा असा करारच नसतो. सुपरवायझर बोर्डावर लिहील तो त्याचा आकडा, आणि तो खाली येताना मी कधी बघितला नाही.

आता बोर्डावर न पडणारं काम. आमच्या लाइनवर एक मामा होते, रिटायरमेंटला आलेले. दिवसभर फिरताना दिसायचे, त्यामुळं नवी पोरं त्यांना 'फिरता पंखा' म्हणायची. एकदा ते दोन मशीन पलीकडं कुणाशी तरी बोलत उभे होते. इकडं मशीनवर बोरिंग, म्हणजे पार्टचं भोक मापात कापणं, चालू होतं. बोलता बोलता थांबले, आले आणि ऑपरेटरला म्हणाले, "आरं, आवाज बदललाय, ऐकू येत न्हाई व्हय? इन्सर्ट काढ." इन्सर्ट म्हणजे टूलचं कापणारं टोक; काढला तर कडेचा टवका गेलेला. गेज अजून पास दाखवत होता, पण आणखी पाच-दहा पीस गेले असते तर भोकात रेघा उठल्या असत्या.

मापाचंही तसंच. मशीनमधून नुकताच काढलेला गरम पीस लगेच मोजून ऑफसेट (मशीनला मापाची दुरुस्ती) द्यायची घाई सगळ्यांना. पन्नास मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा पीस वीस अंशांनी जास्त तापलेला असेल तर शंभरावा भाग मिलिमीटर मोठा दाखवतो. गरम असताना अगदी मापात बसवलात तर गार झाल्यावर अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वीस मायक्रॉनचा (0.02 मिलिमीटर) असेल तर अर्धा यातच गेला. सुट्टीनंतरच्या सकाळी कुठलं मशीन तापेपर्यंत माप सरकवतं हेही मामांना माहीत असायचं, आणि हे कुठल्या फाइलीत लिहिलेलं नव्हतं. सेटिंग, पहिल्या पीसची मंजुरी, रिजेक्शन आलं की ऑडिटरसमोर उभं राहणं, ही कामं सहसा पर्मनंटकडं असतात. सही त्याची, म्हणून बोलणीही त्यालाच.

सगळे पर्मनंट मामांसारखे असतात असं मात्र मी म्हणणार नाही. नुसती मोबाइलवर मान घालून बसणारी मंडळीही बघितलीत आणि त्यांच्या वाटणीचं काम कंत्राटी पोरगा मुकाट्यानं ओढत असतो. शिवाय ठेकेदाराची काही पोरं सेटिंग करतात, प्रोग्रॅम दुरुस्त करतात आणि पगारपत्रकावर 'हेल्पर, अकुशल' म्हणून राहतात. मला खरा अन्याय तिथं दिसतो, कारण किमान वेतनच मुळी कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीवर ठरतं.

म्हणून लागलात की पीसांची बरोबरी करत बसू नका. ती तुम्ही जिंकालच, पण त्यातून हातात काही येत नाही. मामांसारखा माणूस हुडका. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं आधी जा, टूल बदलताना बाजूला उभे राहा, ऑफसेट का दिला ते विचारा. बहुतेक जण सांगतात. चार वेळा विचारल्यावर का होईना.

'इथंच पर्मनंट करतो' या बोलीवर वर्षं काढू नका. बारा महिन्यांत 240 दिवस भरले तर टेम्पररी माणसाचा कायम होण्याचा दावा उभा राहतो, या नियमामुळंच आपल्याकडं सातव्या महिन्यात ब्रेक द्यायची पद्धत पडली. ठेकेदाराच्या माणसाचं तर त्याहून अवघड. 2001 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी तेवढ्यानं कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही.

कागदांचं मात्र पहिल्या महिन्यापासून बघा. पगारातून पीएफचे 12 टक्के आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) 0.75 टक्के कापतात; त्यातले पीएफचे भरले का हे यूएएनवरून (पीएफचा कायमचा नंबर) पासबुकात बघा, ईएसआयचे ईएसआयच्या नंबरवरून. ठेकेदार बदलला तरी यूएएन एकच ठेवा, नवा काढू देऊ नका. कुठल्या तारखेपासून कुठं होता याचा तोच तुमचा पुरावा. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नेमणूकपत्र द्यावं लागतं आणि कंत्राटी कामगारानं मागितलं तर ठेकेदारानं अनुभवाचा दाखलाही द्यायचा असतो, त्यात काय काम केलं याच्या तपशिलासह. तो मागाच, आणि सोडून जायच्या दिवशी नको, संबंध बरे असताना मागा. शिरवळला किंवा चाकणला मुलाखतीला गेलात की शिफ्टला किती पीस काढायचा हे कुणी विचारत नाही. मशीनचा कंट्रोल फानुक की सीमेन्स, सेटिंग स्वतः केलंय का, ड्रॉइंग वाचता येतं का, एवढंच विचारतात, आणि त्या दाखल्यावर 'हेल्पर' लिहिलेलं असेल तर पुढचा अर्धा तास तेच समजावण्यात जातो.