मूल भाजलं तर या चुका टाळा: हळद-टूथपेस्ट राहू द्या, आधी नळ सोडा

लहान मुलं घरात भाजतात ती बहुतेक गरम पातळ पदार्थांनी. ओट्याच्या कडेला ठेवलेला चहा, मोरीतली कढत पाण्याची बादली, सर्दीत वाफ घ्यायला जमिनीवर मांडलेलं पातेलं. अंगावर सांडलं की घरातले सगळे मिळून हळद, टूथपेस्ट, तूप, बटाट्याचा कीस, शाई असं काहीतरी शोधायला धावतात. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. यातल्या कशानेही आतली उष्णता उतरत नाही, जंतू मात्र आत जाऊ शकतात, आणि डॉक्टरांना लेप खरवडून काढावा लागतो तेव्हा पोराचे हाल होतात ते वेगळेच.

करायचं एकच: वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं. घड्याळ लावून. चहा पुसला तरी कातडीच्या आत उष्णता खोल उतरतच असते, म्हणून दोन मिनिटांत हात बाहेर काढून उपयोग नाही. ‘पाणी लागलं की फोड येतो’ असं आजीही सांगते, शेजारच्या काकूही सांगतात. पण फोड येतो तो भाजण्याने, पाण्याने नव्हे. सुरुवातीला जमलं नसेल तर तीन तासांच्या आत केलं तरी फायदा होतो.

आपल्याकडे अडचण पाण्याचीच. नळाला पाणी नसेल तर पिंपातलं मगाने सलग ओतत राहा. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चांगलंच तापलेलं येतं, तेव्हा आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघा आणि गरज पडली तर माठातलं वापरा. बर्फ मात्र नको, त्याने कातडीला आणखी इजा होते. तान्ह्या बाळाचं अंग पटकन गार पडतं, म्हणून भाजलेल्या जागेवरच पाणी ओता, बाकी अंग गुंडाळून ठेवा. कुडकुडायला लागलं तर थांबा.

पाणी ओततानाच कपडे, डायपर, बांगड्या, करदोटा, काळा दोरा काढा. सूज चढली की दोरा रुततो. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका.

नंतर स्वच्छ सुती कापड सैल झाका. कापूस नको, फोड फोडायचे नाहीत. दुखण्यावर पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबाने. मुलांना ॲस्पिरिन नाही.

दुसरी मोठी चूक घाईची. पाणी न ओतताच रिक्षात बसून ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकलात, तर मोलाची वेळ तिथेच जाते. मोठं भाजलं असेल तर एकाने 108 ला फोन लावावा, दुसऱ्याने पाणी ओतत राहावं.

मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. भाजलेली जागा त्याहून मोठी असेल, चेहरा, हात, पाय, सांधा किंवा लघवीची जागा भाजली असेल, विजेने किंवा ॲसिडने भाजलं असेल, किंवा बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर घरी थांबू नका. नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर हे भाजलेल्यांसाठीचं खास रुग्णालय आहे. धनुर्वाताच्या लसीची नोंद असलेलं कार्ड सोबत घ्या.

पुढच्या काही दिवसांत ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब झाले किंवा पोर मलूल पडलं, तर जखम कितीही छोटी दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.