‘व्हाइल’ लिहिताना बसमध्ये कोण होतं ते बघा

खानापूरहून बेळगावला शिकवणीला येणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या वहीत हे वाक्य मला हमखास सापडतं: ‘व्हाइल ऑन द बस, माय मदर कॉल्ड मी.’ मनात असतं, ‘बसमध्ये असताना आईचा फोन आला.’ मराठीत ते अगदी बरोबर. कन्नडमधल्या ‘इद्दाग’चंही (म्हणजे ‘असताना’) तसंच, त्यामुळे आपल्याकडे ही सवय दोन्ही बाजूंनी पक्की होते.

पण इंग्रजीत ‘व्हाइल’ला थेट ‘ऑन द बस’ जोडलं, की मधला कर्ता आणि ‘वॉज’ गाळलेला असतो. तो कर्ता पुढच्या वाक्यातला धरतात. म्हणजे बसमध्ये आई!

म्हणून कर्ता लिहूनच टाका: ‘व्हाइल आय वॉज ऑन द बस, माय मदर कॉल्ड मी.’ किंवा पुढचा कर्ता बदला: ‘व्हाइल ऑन द बस, आय गॉट अ कॉल फ्रॉम माय मदर.’ मला पहिलं जास्त आवडतं, परीक्षेच्या घाईत चुकत नाही.

‘व्हेन’, ‘इफ’, ‘दो’ (though, म्हणजे ‘जरी’) यांनाही हाच नियम. ‘बिकॉज’ला मात्र ही सवलत नाही: एक तर त्यापुढे कर्ता-क्रियापद लिहा, नाहीतर ‘बिकॉज ऑफ’ आणि नाम, जसं ‘बिकॉज ऑफ द रेन’.