सामन्याआधीची वीस मिनिटे : कुमार फुटबॉलपटूंचा वॉर्मअप कसा घ्यावा

मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या, मग गोल करून उभे राहायचे, खाली वाकून पायांची बोटे धरायची आणि कोणीतरी मोठ्याने वीसपर्यंत आकडे म्हणायचे, ही पद्धत आपल्या बहुतेक शाळांच्या मैदानांवर वर्षानुवर्षे चालत आली आहे. मीही माझ्या संघांकडून बरीच वर्षे तेच करून घेतले. यात मुलांचे मोठे नुकसान होते असे नाही. पण त्यानंतर लगेच वेगाने पळायचे, उडी घ्यायची आणि झटकन दिशा बदलायची असेल, तर त्यासाठी लागणारी तयारी एवढ्याने होत नाही.

स्नायूचे तापमान वाढले की त्याचे आकुंचन जलद होते, मेंदूकडून येणारे संदेश मज्जातंतूंमधून अधिक वेगाने पोहोचतात आणि रक्तातील प्राणवायू स्नायूंना अधिक सहज मिळतो. म्हणून चांगल्या वॉर्मअपनंतर पहिल्या पाच मिनिटांतली धाव आणि उडी सुधारलेली दिसते. याउलट एकाच स्थितीत स्नायू मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ ताणून धरला, तर त्याची ताकद आणि स्फोटकता, म्हणजे झटक्यात जोर लावण्याची क्षमता, काही काळ किंचित उतरते. ताण वीस-तीस सेकंदांचा असेल आणि त्यानंतर पळणे-उड्या होणार असतील, तर हा परिणाम जवळजवळ उरत नाही. त्यामुळे स्ट्रेचिंगला शत्रू मानण्याचे कारण नाही. लांबलचक स्थिर स्ट्रेचिंग सरावानंतर घ्यावे, सरावाआधी शरीर हलते ठेवून स्नायू मोकळे करावेत.

चौदा वर्षे आणि त्यापुढच्या मुलांसाठी मी ‘फिफा 11 प्लस’ हा फुटबॉलमधल्या दुखापती टाळण्यासाठी आखलेला वॉर्मअपचा कार्यक्रम पाया म्हणून वापरतो, कारण त्याला साहित्य जवळजवळ लागत नाही आणि त्याची पारखही नीट झालेली आहे. नॉर्वेमध्ये 13 ते 17 वयोगटातील मुलींच्या क्लबांवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा वॉर्मअप करणाऱ्या गटात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी आढळल्या. दुखापत टळणे आणि कामगिरी सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, कारण जो मुलगा हंगामभर सरावाला येऊ शकतो तोच सुधारतो.

मैदानावर पाच ते सहा मीटर अंतराने कोनच्या (खुणेसाठी ठेवायच्या शंकूंच्या) सहा जोड्या समांतर लावाव्यात आणि मुलांना दोन-दोनच्या जोड्यांनी सोडावे. पहिली आठ मिनिटे सावकाश धावण्याची असतात: सरळ धावणे, कोनच्या प्रत्येक जोडीपाशी थांबून गुडघा वर उचलत बाहेर फिरवणे, मग आत फिरवणे, जोडीदाराभोवती गोल फिरणे, उडी घेऊन खांद्याला खांदा लावणे आणि शेवटी झपाट्याने पुढे जाऊन मागे येणे. एवढ्यात हलका घाम फुटला पाहिजे, धाप लागता कामा नये.

पुढच्या दहा मिनिटांत ताकद आणि तोल यांचे सहा व्यायाम येतात. प्लँक (कोपरे आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणे), कुशीवरचा प्लँक, गुडघ्यांवर बसून मांडीच्या मागच्या स्नायूंवर भार घेत सावकाश पुढे झुकणे, एका पायावर तोल सांभाळणे, स्क्वॉट (गुडघे वाकवून खाली बसल्यासारखे होऊन उठणे) आणि उड्या, असा तो क्रम आहे. प्रशिक्षकाने शिट्टी बाजूला ठेवून डोळे वापरायची वेळ हीच. उडीनंतर मूल खाली येते तेव्हा त्याच्या समोर उभे राहून पाहावे. गुडघे आत वळून एकमेकांकडे झुकत असतील, टाचा आपटल्याचा आवाज येत असेल, तर ती उडी मोजू नये. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे, कंबर आणि गुडघे वाकले पाहिजेत आणि पाय जमिनीवर अलगद टेकला पाहिजे. माझ्या अनुभवात ‘गुडघे बाहेर ठेव’ असे दहा वेळा ओरडण्यापेक्षा ‘आवाज न करता उतर’ हे एक वाक्य मुलांना लवकर कळते. चुकीच्या पद्धतीने मारलेल्या वीस उड्यांपेक्षा नीट मारलेल्या पाच उड्या केव्हाही चांगल्या.

झपाट्याने उंची वाढण्याच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागे दुखते अशी तक्रार मुले वारंवार करतात. अशा मुलाच्या उड्या त्या दिवशी बंद ठेवाव्यात आणि दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. ‘सहन कर’ असे सांगू नये.

शेवटची दोन मिनिटे वेगाची: मैदानाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पूर्ण वेगाच्या सुमारे तीन चतुर्थांश वेगाने धावणे, लांब ढांगा टाकत उसळत जाणे आणि पाय रोवून दिशा बदलणे. हा भाग गाळला तर शरीर तापते, पण सामन्याचा वेग त्याला ओळखीचा होत नाही. सामन्याच्या दिवशी मधला ताकदीचा भाग वगळावा, म्हणजे पाय दमत नाहीत, आणि वाचलेल्या वेळात चेंडू देऊन छोटे पास, ताबा व दोन-तीन शॉट घ्यावेत. आठवड्यातून किमान दोनदा पूर्ण कार्यक्रम झाला तरच हंगामात फरक दिसतो. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी याच धर्तीचा सात व्यायामांचा वेगळा कार्यक्रम आहे. लहानांना मोठ्यांचा कार्यक्रम लावू नये.

आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दुपारी सामने होतात, तेव्हा हीच वीस मिनिटे बारा मिनिटांवर आणावीत, शक्यतो सावलीत घ्यावीत आणि मध्ये पाणी द्यावे. उन्हाने अंग तापले म्हणजे वॉर्मअप झाला, हा समज मात्र चुकीचा आहे.

ही पद्धत आपल्या संघाला लागू पडते का, हे स्वतः तपासता येते. एका दिवशी जुन्या पद्धतीनंतर आणि दोन दिवसांनी त्याच वेळी नव्या पद्धतीनंतर प्रत्येक मुलाची जागेवरून मारलेली लांब उडी टेपने मोजावी. तीन उड्यांपैकी सर्वांत लांब धरावी. अर्ध्या मुलांना उलट क्रम द्यावा. हातातल्या घड्याळाने वीस मीटरची धाव मोजण्याच्या फंदात पडू नये, कारण बटण दाबण्यातली चूकच अपेक्षित फरकापेक्षा मोठी असते.

वॉर्मअप संपणे आणि सामना सुरू होणे यांत पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये. पाहुण्यांची ओळख आणि हस्तांदोलन लांबले, तर मुलांना जागच्या जागी हलते ठेवावे. मध्यंतरात पंधरा मिनिटे बसून राहिल्याने स्नायूंचे तापमान बरेच खाली येते आणि दुसऱ्या डावाच्या सुरुवातीच्या धावा मंदावतात; म्हणून शेवटची तीन मिनिटे हलकी धाव आणि दोन छोटे स्प्रिंट घ्यावेत. बाकावरच्या राखीव खेळाडूंनाही दर दहा मिनिटांनी उठवून कडेने पळवावे, कारण त्यांना मैदानात उतरताच पहिल्याच चेंडूवर पूर्ण वेगाने धावावे लागते.