इंजिन बदललेली जुनी गाडी घेताय? आधी बॉनेट उघडा, पीयूसी नंतर बघा

गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाने प्रीमियर पद्मिनी घेतली. क्रीम कलर, आत लाल रेक्झिन, क्रोम असं चकाचक की दाढी करावी त्यात बघून. चावी फिरवली आणि टकटकटक. आता पेट्रोल पद्मिनी असा आवाज करत नाही हो. बॉनेट उघडलं तर आत डिझेल इंजिन, आणि आरसीवर सरळ लिहिलेलं पेट्रोल, १०८९ सीसी. विकणारा म्हणतो, दादा टेन्शन कशाला घेता, पीयूसी आहे ना.

लोक फसतात ते इथेच, म्हणून आधी पीयूसी म्हणजे काय ते समजून घ्या. पेट्रोल गाडी आयडलला ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन) मोजतात, बास. आत कुठलं इंजिन बसलंय ते मशीनला कळत नाही, लिमिट लागते ती गाडीच्या रेकॉर्डवरच्या वर्षाची आणि इंधनाची. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे सरकारी टप्पे. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल कारला ३ टक्के सीओ आणि १५०० पीपीएम एचसी चालतं, बीएस-४ ला तेच ०.३ टक्के आणि २००. म्हणजे १९८४ च्या आरसीखाली नंतरच्या काळातलं बरं इंजिन घातलं तर ते हसत हसत पास होणार आणि मालकाला वाटणार आपण कायदेशीर. तसं काही नसतं. पीयूसी धुराची असते, इंजिनाची नाही.

भावाच्या गाडीचं तर अजूनच भारी. डिझेलची टेस्ट वेगळी असते, रेस देऊन धुराचा काळेपणा मोजतात. मग पेट्रोलची पीयूसी आली कुठून? नळी दुसऱ्याच गाडीच्या पाइपात आणि फोटो या गाडीच्या नंबरप्लेटचा, दुसरं काय. हा जुगाड सगळ्यांना माहितीये पण खोटा दस्तऐवज बनवणं आणि तो खरा म्हणून दाखवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ आणि ३४० खाली जातं, तिथे ट्रॅफिकच्या चलनासारखं पैसे भरून विषय संपत नाही.

तर गाडी बघायला जाताना खिशात एक चिंधी, थोडं रॉकेल किंवा डिझेल, खडू, पेन्सिल आणि कोरा कागद न्या. ब्लॉकवरचा इंजिन नंबर बहुतेक वेळा ग्रीसखाली गाडलेला असतो, रॉकेलने पुसा, कोरडा करा, वरून खडू आडवा घासा म्हणजे खोदलेले आकडे पांढऱ्यात उठून दिसतात. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओत पण असंच प्रिंट घेतात. दोन्ही आकडे आरसीशी एकेक करून जुळवा. एखादा आकडा वाकडा, किंवा त्या जागी ग्राइंडर फिरल्यासारखा गुळगुळीत पट्टा दिसला तर चहा पण न पिता निघा.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने बनवताना दिलेली जी माहिती आरसीवर आहे तिच्याशी गाडी जुळली पाहिजे, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी हवी. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका केसमध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे हे शब्द नीट वाचा, इंजिन एक, सायलेन्सर दोन, असं मोजत बसले तर? शिवाय प्रदूषण किंवा आवाजाचे नियम मोडले तर कलम १९०(२), पहिल्या वेळी १०,००० पर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स ३ महिने गेलं. फ्री फ्लो, म्हणजे मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, लावून पहाटे लोणावळा करणाऱ्यांनी हे बघून ठेवा.

पण खरं सांगू का, रस्त्यावरच्या हवालदारापेक्षा डेंजर जागा म्हणजे पासिंग. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं असतं, आणि तेव्हा इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन बॉनेटमध्ये वाकतो. भावाच्या गाडीला त्याने आवाजावरूनच ओळखलं, टॉर्च पेटवलाच नाही. फाइल परत, गाडी रस्त्यावर आणायची नाही, वर पर्यावरण कर भरलेला.

दुसरी जागा म्हणजे अपघात. विमा कंपनीचा सर्वेअर आला की इंजिन आणि चेसिस नंबरचे फोटो काढतो. नुसती पीयूसी नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही असं विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने २०२० मध्ये स्पष्ट केलंय, पण न कळवलेलं वेगळं इंजिन ही गोष्टच वेगळी, तिथे क्लेम अडकला तर भांडायला तोंड राहत नाही.

काही जण म्हणतात व्हिंटेजमध्ये टाकू, सुटलो. नाही हो. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं पूर्ण हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल, इंजिनात मोठा बदल झाला असेल तर ती बसतच नाही त्यात. नवीन नोंदणीचे २०,००० भरून मिळणारी व्हीए प्लेट रोज ऑफिसला जायला नसते, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, रिपेअर एवढ्यासाठीच.

मग करायचं काय? त्याच मेकचं, त्याच इंधनाचं इंजिन बसवा आणि बसवायच्या आधी आरटीओत अर्ज द्या. इंजिन नंबर लिहिलेलं बिल, ज्या गाडीतून ते काढलं तिचे कागद, आणि लोन चालू असेल तर बँकेची एनओसी जमवून ठेवा. सीएनजी करायचं असेल तर अप्रूव्हड किट, अधिकृत फिटरकडूनच, आणि आरसीवर नोंद. इलेक्ट्रिक करायचं असेल तरी टाइप अप्रूव्हल, म्हणजे तपासून मंजूर झालेलंच किट, यूट्यूब बघून घरी जोडलेलं नाही. ९५ नंतरच्या गाड्यांतलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) कोणी पिकअप वाढतो म्हणून काढायला सांगितलं तर मेकॅनिक बदला, आणि आधीच्या मालकाने काढलंय का ते खाली वाकून बघा, मध्येच नवीन वेल्डिंगचा सरळ पाइप दिसला की समजा गेलं.

भावाने शेवटी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे तीन रविवार घालवले. पद्मिनी बनायची ती कुर्ल्यातच, तिचं १०८९ पेट्रोल इंजिन पण शेवटी तिथेच मिळालं, तेही बिलासकट. आरटीओत अर्ज दिलाय. डिझेल इंजिन सध्या मावशीच्या बाल्कनीत आहे, त्यावर तिने तुळशीची कुंडी ठेवलीये आणि रोज विचारते हे कधी जाणार.