फाँतेनब्लोतले पहिले आठ आठवडे

वर्षातून दोनदा, जानेवारीच्या तोंडावर आणि ऑगस्ट संपताना, मला फोन येऊ लागतात. कुणाच्या तरी ओळखीतून नंबर मिळालेला असतो, इथल्या, म्हणजे फ्रान्समधल्या फाँतेनब्लो गावच्या, इन्सियाड या बिझनेस स्कूलला प्रवेश झालेला असतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "ताई, यायच्या आधी काय वाचून ठेवू?" मी सांगते, वाचायचं राहू दे, दहा दिवस आधी ये. तरी नोकरीचा शेवटचा दिवस, घरातलं लग्न, मित्रांचे निरोप सगळं उरकून बहुतेक जण वर्ग सुरू व्हायच्या आदल्या रात्री विमानातून उतरतात. पुढचे दोन महिने त्यांची जी ओढाताण होते ती मी इतक्या वेळा पाहिली आहे, की आता हे लिहूनच ठेवते आहे.

हा एमबीए दहा महिन्यांचा. त्याचे पाच भाग, प्रत्येक साधारण आठ आठवड्यांचा. तिथे सगळे त्यांना पी-वन, पी-टू असंच म्हणतात. पी-वनमध्ये अकाउंटिंग, फायनान्स, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि संघटनेतली माणसं कशी वागतात याचा अभ्यास, हे सगळं एकदम अंगावर येतं आणि आठ आठवड्यांच्या शेवटी परीक्षा उभी असते. ताप येऊन चार दिवस अंथरुणात गेले तर प्रत्येक विषयाचा दहावा हिस्सा बुडाला, तो भरून काढायला मागे जागाच नसते. मग घराची किल्ली, बँक, विमा, व्हिसा ही कामं कधी करणार? सरकारी कचेऱ्या आणि घरांच्या एजन्सी उघड्या असतात नेमक्या तुमच्या वर्गाच्या वेळात. म्हणून ते दहा दिवस.

आता घराबद्दल. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझे पैसे इथेच गेले.

शाळेची स्थापना 1957 ची. सुरुवातीचे वर्ग इथल्या राजवाड्यात भरत, जंगलाच्या कडेला आजचा कॅम्पस झाला तो 1967 मध्ये. पण गाव अजूनही राजवाड्याचं आणि जंगलाचंच आहे. पॅरिसची माणसं रविवारी फिरायला येतात, सोमवारी सगळं शांत. अशा गावात एकाच महिन्यात शेकडो विद्यार्थी घर शोधतात. फाँतेनब्लो आणि त्याला लागून असलेलं आव्हों इथे जागा कमी, त्यामुळे बरेच जण आजूबाजूच्या खेड्यांत मोठं घर चारपाच जणांत घेतात. फोटोत बाग, फायरप्लेस, लाकडी तुळया दिसतात. माझं मत स्पष्ट आहे: गाडी नसेल तर त्या घरांच्या वाटेला जाऊ नका. रात्री अकराला अभ्यासगटाचं काम संपतं तेव्हा बस नसते आणि जंगलातून चालत जाता येत नाही. कॅम्पसला चालत जाता येईल अशी लहान, अंधारी खोली पी-वनमध्ये त्या बागेपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडते.

करार कोणत्या प्रकारचा आहे ते आधी विचारा. 'बाय मोबिलिते' नावाचा एक प्रकार 2018 च्या कायद्याने आला. तो फर्निचरसकट घरासाठी असतो, एक ते दहा महिन्यांचा, विद्यार्थ्यांना चालतो आणि त्यात डिपॉझिट घ्यायला कायद्यानेच मनाई आहे. दहा महिन्यांच्या कोर्सला याहून सोयीचं काय असणार? तरी आपली मुलं ते नावही न विचारता दोन महिन्यांचं डिपॉझिट भरून मोकळी होतात. फर्निचरसकट घराच्या नेहमीच्या करारात डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं घेता येतं. कुणी तीन मागितलं तर तिथून उठा. जामीनदार फ्रान्समधलाच हवा असा आग्रह धरतात, तेव्हा वयाची तिशी ओलांडलेली नसेल तर 'व्हिझाल' ही मोफत हमी मिळते. मात्र ती करारावर सही होण्याआधी काढावी लागते, नंतर नाही.

आणि आता 'एता दे लिअ'. हे तीन शब्द पाठ करा. घराचा ताबा घेताना आणि सोडताना घराच्या अवस्थेची जी नोंद होते, तिला हे म्हणतात. भिंत, फरशी, नळ, खिडकीची कडी, एकेक वस्तू आणि तिच्यापुढे तिची अवस्था. घर सोडताना दोन कागद शेजारी ठेवतात आणि जो फरक दिसेल तो तुमच्या डिपॉझिटमधून कापतात.

माझ्या वर्गाचा पहिला दिवस होता. संध्याकाळी साडेसहाला एजन्सीचा माणूस किल्ली घेऊन आला. दुसऱ्या दिवशीच्या वर्गासाठी केस, म्हणजे एखाद्या कंपनीच्या प्रसंगाची हकीकत, वाचायची होती, आठला अभ्यासगटाची पहिली बैठक होती. तो फ्रेंचमध्ये भराभर म्हणत होता, 'बों एता, बों एता', म्हणजे सगळं ठीक, आणि खुणा करत होता. ओट्यावर सिंकच्या उजव्या बाजूला भांड्याच्या बुडाएवढा काळा डाग होता. बाथरूमच्या दाराशी फरशीखालचं लाकूड फुगलं होतं, पाय पडला की दबायचं. दोन्ही मी पाहिलं. तो घाईत होता, मीही घाईत होते, आणि नव्या देशात पहिल्याच दिवशी कटकटी बाई ठरायला नको असं वाटलं. सही केली. दहा महिन्यांनी त्याच डागासाठी आणि त्याच लाकडासाठी 1,140 युरो कापले. माझ्याकडे एक फोटो नव्हता. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते मला तिथे कळलं.

नंतर जे कळलं ते तुम्हाला आधीच सांगते. ताबा घेतल्यापासून दहा दिवसांच्या आत त्या नोंदीत दुरुस्ती मागण्याचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे. म्हणजे सही झाली तरी दार बंद झालेलं नसतं. पहिल्या शनिवारी दिवसाउजेडी सगळं घर पुन्हा तपासा. ओव्हन उघडा, गादी उलटी करा, फ्लश ओढा, प्रत्येक खिडकी लावून बघा. फोटो काढा आणि ते त्याच दिवशी स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. मग घरमालकाला किंवा एजन्सीला पत्र पाठवा. फोन नको, व्हॉट्सअ‍ॅप नको, पत्र. आपल्याकडे रजिस्टर एडी असतं तसं इथे पोचपावतीचं रजिस्टर पत्र असतं. या देशात त्या पत्राला जे वजन आहे ते दहा फोनना नाही. हीटरचं वेगळं आहे: ऑगस्टमध्ये घर घेतलं तर हीटर चालू करून बघताच येत नाही, म्हणून हीटिंगचा हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात त्याची नोंद सुधारून घेता येते.

घर सोडताना नोंदी जुळल्या तर डिपॉझिट एका महिन्यात परत मिळायला हवं, फरक असेल तर दोन महिन्यांत. ही मुदत उलटून गेलेली असूनही 'मागायला कसं तरी वाटतं' म्हणणारे दरवर्षी दोनतीन जण मला भेटतात. मागा. तुमचे पैसे आहेत.

घराचा विमा भाडेकरूला सक्तीचा आहे, किल्लीच्या वेळी दाखला मागतात. ऑनलाइन पाच मिनिटांत होतो.

व्हिसा पासपोर्टवर चिकटला म्हणजे काम झालं, असं समजू नका. लांब मुदतीचा विद्यार्थी व्हिसा फ्रान्समध्ये आल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन नोंदवावा लागतो. पी-वनमध्ये विसरलात तर पी-टूच्या ऐन धावपळीत मुदत संपते, आणि तेव्हा तुम्हाला आईचं नावही आठवायला वेळ नसतो. आल्या आठवड्यातच करून टाका.

आरोग्य विम्यासाठी परदेशी विद्यार्थ्यांची आमेलीच्या, म्हणजे फ्रान्सच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, साइटवर वेगळी नोंदणी असते, ती मोफत आहे. तिथे घोडं अडतं ते जन्मदाखल्यावर. आईवडिलांची नावं असलेला दाखला लागतो आणि बहुधा त्याचं न्यायालयाच्या मान्यताप्राप्त अनुवादकाकडून भाषांतर मागतात. दाखला भारतातून सोबतच आणा. माझ्या ओळखीतल्या एकाने तो मागवायला घरच्यांना तालुक्याला दोन खेपा घालायला लावल्या. तातडीच्या आजारपणासाठी 15 नंबर, आणि कुठल्याही संकटात 112. बारीकसारीक दुखण्याला हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान, तिथला फार्मासिस्ट नीट ऐकून सल्ला देतो.

दुकानात, बसमध्ये, कचेरीत शिरताना आधी 'बोंझुर' म्हणा, मग काम सांगा. फ्रेंच माणसं तुटक वागतात असं आपल्याकडचे पुष्कळ जण म्हणतात. मला इतक्या वर्षांत तसा अनुभव फार कमी आला. ज्यांना आला, त्यांतल्या बहुतेकांनी नमस्कार न करता सरळ इंग्रजीत प्रश्न विचारला होता. त्यांच्या मते तोच उद्धटपणा.

आता अभ्यासाकडे, म्हणजे खरं तर गटाकडे. पाचसहा जणांचा अभ्यासगट शाळाच ठरवून देते, मुद्दाम वेगवेगळ्या देशांची आणि धंद्यांची माणसं एकत्र घालून, आणि पी-वन, पी-टू दोन्हींत तोच गट राहतो. माझ्या गटात बैरुतची वकील होती, साओ पाउलोची मार्केटिंगमधली मुलगी, एक जर्मन इंजिनिअर, सोलचा बँकर आणि मी. संख्याशास्त्राची पहिली असाइनमेंट मी एकटीने एका रात्रीत केली आणि सकाळी सगळ्यांना पाठवली. दुसरीही. मला वाटत होतं, मी गटाला सांभाळते आहे. तिसऱ्या आठवड्यात ग्रुपरूममध्ये रात्री अकरा वाजता ती वकील माझ्याकडे न बघता बोर्डाकडे बघत म्हणाली, "परीक्षेला तू माझ्या शेजारी बसणार नाहीस." खोलीत कुणी काही बोललं नाही. बोर्डावर माझंच अक्षर होतं, दोन दिवसांपूर्वीचं, आणि त्यातली एक ओळही तिला समजलेली नव्हती.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. प्रत्येक असाइनमेंटला दोघं: एक जाणणारा, एक न जाणणारा, आणि मार्कर न जाणणाऱ्याच्या हातात. वेळ दीडपट लागायचा. पण परीक्षेत पाचही जण सुखरूप निघालो, आणि करार वाचायला मला त्याच वकिलीणबाईने शिकवलं. आपल्या इंजिनिअर मुलांना हे मी पुन्हा पुन्हा सांगते. आकडे तुम्हाला येतात, म्हणून ते ओढून घेऊ नका. तुम्हाला जे येत नाही, म्हणजे बैठकीत मतभेद उघडपणे मांडणं, दुसऱ्याला मध्ये न तोडता ऐकणं, ते शिकायची जागा ग्रुपरूमच आहे.

मार्क वर्गाच्या सरासरीच्या तुलनेत मिळतात. आयुष्यभर पहिल्या पाचात असलेल्यांना पी-वनच्या निकालात आपण सरासरीखाली दिसतो तेव्हा तोंडचं पाणी पळतं. घरी फोन करून रडलेले मला ठाऊक आहेत. वर्गात निम्मे जण सरासरीच्या आसपास किंवा खालीच असणार, आणि तिथे बसलेला प्रत्येक जण आपापल्या गावचा पहिलाच होता.

वर्गात बोला, पहिल्याच आठवड्यात. आपण वाक्य मनात पूर्ण जुळेपर्यंत थांबतो आणि तोवर चर्चा पुढे गेलेली असते. दोन आठवडे गप्प राहिलात की तिसऱ्यात तोंड उघडणं दुप्पट अवघड जातं.

आपल्या माणसांबद्दल एक बोलते, राग मानू नका. पाच भारतीय मिळून एक घर घेतात, गाडीतून एकत्र जातात, एकत्र जेवतात आणि दहा महिने भारतातच राहून परत जातात. आजारी पडल्यावर, परीक्षेच्या आदल्या रात्री, याच माणसांचा आधार असतो, तो मीही घेतला आणि विसरले नाही. पण निदान पहिले आठ आठवडे घरात दुसऱ्या देशाचं एक तरी माणूस असू द्या. सीव्हीचं मात्र आपल्यातल्या सीनिअरांचं ऐका: तो घरूनच एका पानाचा करून आणा, कारण नोकरीची धावपळ वाटतं त्यापेक्षा फार लवकर सुरू होते.

पार्ट्या खूप असतात. आठवड्यातली एक निवडा आणि बाकीच्या रात्री झोपा. जानेवारीत येणाऱ्यांनी तर नक्की, कारण तेव्हा सूर्य साडेआठनंतर उगवतो, तुम्ही अंधारात वर्गाला जाता आणि अंधारातच परतता. रविवारी दुपारी अर्धा तास तरी जंगलात चालून या.

पॅरिसला जायचं तर फाँतेनब्लो-आव्हों स्टेशनातून आर लाइनची गाडी पॅरिसच्या गार द लियों स्टेशनात साधारण चाळीस मिनिटांत पोचवते. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जातानाच बघून ठेवा आणि त्याच दिवशीची बघा, कारण रुळांच्या कामासाठी रात्रीच्या गाड्या रद्द होतात. गाडी चालवणार असाल तर भारतीय लायसन्स विद्यार्थी असेपर्यंत चालतं, सोबत त्याचं अधिकृत भाषांतर ठेवा. वेगळी पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, बाजूचा रस्ता कितीही लहान असला तरी. जंगलातल्या रस्त्यावर रात्री वेग कमी ठेवा. रानडुकरं आणि हरणं आडवी येतात, आणि एक ओलांडून गेलं की मागून दुसरं येतं.