नर्सिंगचे वर्ग सुरू होण्यापूर्वीचे चार महिने

बारावीचा निकाल हाती आल्यापासून नर्सिंगच्या महाविद्यालयात पहिले पाऊल टाकेपर्यंत माझे जवळजवळ चार महिने गेले. सीईटी होऊन गेली होती, प्रवेशाच्या फेऱ्या चालू होत्या, आणि या मधल्या काळात नेमके काय करावे हे सांगणारे आमच्या गावात कोणी नव्हते. म्हणून मी ओळखीच्या एका ताईकडून शरीररचनाशास्त्राचे जाडजूड पुस्तक मागून आणले आणि हाडांची नावे पाठ करायला बसले. मनगटातील आठ हाडे मला ओळीने म्हणता येऊ लागली, त्याचे घरच्यांना कौतुकही वाटले. पुढे पहिल्या सेमिस्टरमध्ये तोच भाग बाईंनी सांगाडा समोर ठेवून इतका नीट शिकवला, की आधी काहीही न वाचलेल्या मैत्रिणी आणि मी आठवडाभरात एकाच पातळीवर आलो. पहिल्या वर्षी मी ज्या गोष्टींपाशी खरोखर अडले, त्या त्या पुस्तकात नव्हत्या. आता नोकरीला लागल्यावर गावाकडच्या मुली फोन करून विचारतात, तेव्हा मी त्यांना जे सांगते, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी लसीचे सांगते, कारण या एकाच गोष्टीला महिन्यांचा हिशोब आहे. हेपॅटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणारी, यकृताला इजा करणारी कावीळ. तिच्या लसीचे तीन डोस असतात: पहिला आज घेतला तर दुसरा एक महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. मी पहिला डोस महाविद्यालयात जाऊन तीन महिने झाल्यावर घेतला. दुसऱ्या सेमिस्टरमध्ये वॉर्डात इंजेक्शन दिल्यानंतर सुईवर पुन्हा टोपण चढवण्याची चूक मी केली आणि सुई माझ्या बोटात शिरली. तेव्हा माझा तिसरा डोस व्हायचा होता. बोट वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतले, इनचार्ज सिस्टरांना सांगितले, रुग्णाचे रक्त तपासणीला गेले. रिपोर्ट निर्दोष आला, परंतु तो येईपर्यंतची दुपार मी स्टोअररूममधल्या स्टुलावर बसून काढली आणि आईला फोन करण्याचे धैर्य मला झाले नाही. प्रवेश निश्चित होण्याची वाट पाहत बसलात तर पहिले दोन डोस सहज घेता येण्याजोगे महिने निघून जातात. लहानपणी ही लस घेतली असेल, तर घरातले जुने लसीकरण कार्ड शोधून डॉक्टरांना दाखवावे. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची (रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडीजची) पातळी तपासता येते; ती १० मिली इंटरनॅशनल युनिट प्रति मिलिलिटर किंवा त्याहून अधिक असली म्हणजे लस लागू पडली असे धरतात. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि कांजिण्या होऊन गेल्या आहेत की नाहीत, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

त्याच वेळी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आपल्याकडे पुष्कळ मुलींचे ते १२ च्या खाली असते आणि घरात वावरताना ते जाणवत नाही. वॉर्डात मात्र सकाळी सातपासून दुपारपर्यंत उभे राहावे लागते. आमच्या पहिल्याच आठवड्यात ड्रेसिंग पाहताना दोघी जणी चक्कर येऊन खाली बसल्या, आणि दोघींनीही सकाळी काही खाल्लेले नव्हते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि गोळी चहाबरोबर घेतली तर चहा त्यातले लोह अंगी लागू देत नाही, म्हणून दोहोंत निदान तासाभराचे अंतर ठेवावे. सकाळी सहाच्या आत उठून पोटभर न्याहारी करण्याची सवयही याच महिन्यांत लावून घ्यावी. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या नियमावलीप्रमाणे परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते, पण प्रात्यक्षिकाची हजेरी पदवी मिळण्यापूर्वी शंभर टक्के भरून द्यावी लागते. आजारपणात बुडालेली प्रत्येक ड्युटी नंतर, इतर मैत्रिणी सुटीवर असताना, एकटीने करावी लागते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास प्रमाणपत्र आणि वैद्यकीय योग्यतेचा दाखला यांतले जे जे लागू असेल, त्यासाठीचे अर्ज निकालाची वाट न पाहता करावेत, कारण पडताळणी समितीचे काम आपल्या घाईने चालत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असल्याने बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे पाहून ठेवावे. आणि फी भरण्यापूर्वी महाविद्यालयाला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, व बी.एस्सी. असेल तर ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, याची खात्री स्वतः करावी. परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही, आणि मान्यता नसलेल्या ठिकाणी घातलेली वर्षे परत मिळत नाहीत.

आता भाषेविषयी, आणि याविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. मुलींना इंग्रजीची भीती वाटते, विशेषतः कला शाखेतून जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, येणाऱ्यांना, आणि ती भीती खरी आहे: पुस्तके, नोंदी, परीक्षा सर्व इंग्रजीत असते. परंतु रुग्ण मराठीत बोलतो. तो जे बोलतो ते समजून घेऊन इंग्रजीत नेमके लिहायचे, आणि डॉक्टर इंग्रजीत जे सांगतात ते त्याला मराठीत समजावून द्यायचे, हा दुहेरी व्यवहार आपल्याला दिवसातून पन्नास वेळा करावा लागतो, आणि त्यातली मराठी बाजू मला पुरेशी येत नव्हती, हे मला वॉर्डात गेल्यावरच कळले.

मेडिसिन वॉर्डातील साठीच्या एका बाईंनी मला सांगितले, “पोरी, जीव घाबरा होतोय गं.” मी त्यांच्या उशाशी बसले, घाबरू नका म्हणाले, आणि नोंदीत ‘अँग्झायटी’ असे लिहिले. इनचार्ज सिस्टरांनी ती ओळ वाचली आणि काही न बोलता त्या थेट खाटेपाशी गेल्या. त्यांनी बाईंच्या मनगटावर बोटे ठेवली, कपाळाला हात लावून घाम पाहिला, “डावा हात भरून येतोय का? दम लागतोय का?” असे विचारले आणि मला ईसीजीचे मशीन आणायला पिटाळले. ईसीजीत बदल दिसत होते. डॉक्टर लगेच आले. नंतर सिस्टर मला म्हणाल्या, “जीव घाबरा होणं म्हणजे भीती वाटणं नव्हे. आपल्या माणसांचं बोलणं आधी शीक.”

म्हणून मी सुचवते, की एक दोनशे पानी वही करावी. डाव्या बाजूला घरातल्या, शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द लिहावेत आणि त्यांचा अर्थ त्यांनाच विचारावा. कळ येते म्हणजे थांबून थांबून येते का? ठणका लागतो, चमक निघते, आग होते, अंग मोडून येते, मुंग्या येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटात ढवळते, यांतला प्रत्येक शब्द वेगळी तक्रार सांगतो, आणि वेदना कशा प्रकारची आहे यावरून निदानाची दिशा ठरते. परसाकडे झाली का, हा प्रश्न न संकोचता विचारता आला पाहिजे. अंगावरून जाते असे एखादी बाई म्हणाली, तर पांढरे जाते की लाल, हे हळू आवाजात पण स्पष्ट विचारावे लागते. उजव्या बाजूला त्याच तक्रारीचा इंग्रजी शब्द लिहावा. माझ्या आत्याने मला अशा वहीत एका संध्याकाळी तीस शब्द दिले असते, पण मी विचारलेच नाही.

इंग्रजीसाठी व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा शब्दांचे तुकडे ओळखायला शिकणे अधिक उपयोगी पडते. ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद, ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘हायपो’ म्हणजे कमी, शेवटी ‘आयटिस’ असेल तर दाह, असे चाळीस-पन्नास तुकडे कळले की पानभर लांबीचे वाटणारे शब्द आपोआप सुटे होतात. त्याच्या जोडीला रोज पाच वाक्ये इंग्रजीत लिहावीत: आज घरी कोण काय जेवले, किती वाजता झोपले, कोणाला काय दुखले. परिचारिकेची नोंद अशाच साध्या, वेळ घातलेल्या वाक्यांची असते.

गणित फार थोडे लागते, पण ते चुकून चालत नाही. एक ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम आणि एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, हे बोलताबोलता सांगता आले पाहिजे, कारण येथे एकक चुकले की डोस हजारपट चुकतो. एक ग्रॅम औषध १० मिलिलिटर पाण्यात विरघळवले आणि २५० मिलिग्रॅम द्यायचे असेल, तर सिरिंजमध्ये अडीच मिलिलिटर घ्यायचे. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे आणि सेटमधून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. अशी पाच गणिते रोज, कॅल्क्युलेटर न घेता, महिनाभर सोडवली तर पुढे थेंब मोजताना हात थरथरत नाही. घड्याळ चोवीस तासांचे वाचण्याची सवयही आताच करून घ्यावी.

खरेदीची घाई करू नये. गणवेश, बूट, पुस्तके यांची यादी महाविद्यालय देते आणि सीनियर मुलींकडून अर्ध्या किमतीत पुस्तके मिळतात. सेकंदकाटा असलेले घड्याळ मात्र जरूर घ्यावे, आणि ते गणवेशाला अडकवता येईल असे असावे, कारण रुग्णाला हात लावताना मनगट मोकळे लागते. ते हातात आल्यावर घरातल्या प्रत्येकाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. प्रौढ माणसाची विश्रांतीच्या वेळी ६० ते १०० च्या दरम्यान असते. मग श्वास मोजावा, तो १२ ते २० असतो, पण आपण मोजतो आहोत हे समोरच्याला सांगू नये. कळले की त्याची लय बदलते. नाडी पाहून झाल्यावर बोटे तशीच मनगटावर ठेवून छातीकडे पाहायचे.

घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर त्यांच्याजवळ बसावे. माझ्या आजीच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा मी अकरावीत होते. आई तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायची, मधून मधून माझ्याकडून वळवून घ्यायची. एका रात्री मी झोपून गेले. सकाळी आजीच्या माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला, तो बोटाने दाबला तरी पांढरा होत नव्हता. आई त्या दिवशी माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. तिने आजीला कुशीवर वळवले, पाठीमागे घडी घातलेली चादर लावली आणि घड्याळ माझ्यासमोर ठेवले. दाबव्रणाच्या, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेच्या, पहिल्या पायरीची खूण तीच, हे मला पुढे नर्सिंग फाउंडेशनच्या तासाला कळले, आणि तो धडा मला वाचावा लागला नाही. आजीला स्पंज देताना (ओल्या कपड्याने अंग पुसताना), तिचे केस विंचरताना, शौचाचे भांडे देताना सुरुवातीला मला जो संकोच वाटे, तोही घरातच सरला. परक्या पुरुष रुग्णाला स्पंज द्यायची वेळ आली तेव्हा पडदा ओढणे, अंग झाकलेले ठेवून एकेक भाग उघडा करणे, आणि आता काय करणार आहे ते आधी सांगणे, एवढे मला माहीत होते.

घरच्यांशी रात्रपाळीविषयी आताच बोलून घ्यावे. माझ्या वडिलांना ते पटत नव्हते. म्हणून मी त्यांना घेऊन तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेले आणि तेथल्या सिस्टरांना दहा मिनिटे मागितली. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, रात्री वॉर्डात कोण कोण असते, हॉस्टेलवर परत कसे सोडतात, हे सगळे न कंटाळता सांगितले. निघताना त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटा केला, वाढलेल्या नखांवरचा रंग पाहिला आणि म्हणाल्या, “हे आजच काप.” घरी येताना बाबांनी बसस्टँडजवळच्या दुकानातून नेलकटर घेतला आणि एसटीत बसल्यावर माझ्या हातात दिला.