कोरफड निथळू द्या

माझं माहेर माण तालुक्यातलं. तिथे कोरफड कुणी लावत नाही, ती बांधावर असतेच. आजी नव्या घराच्या चौकटीला मुळासकट उलटी टांगायची, दृष्ट लागू नये म्हणून, आणि ती मातीवाचून महिनोन्महिने हिरवी राहायची. लग्न होऊन चिपळूणला आले तेव्हा पिशवीतून चार पिल्लं आणली होती. आषाढात चारही कुजली. सासूबाई म्हणाल्या, "इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तुझं झाड तहानेनं नाही, पाण्यानं मरतं." त्या बोलण्यावरच मी कोरफड लावायला शिकले.

कुंडी मातीचीच घ्या, दहा इंची पुरते. बुडाचं भोक मोठं हवं, त्यावर खापरीचा तुकडा पालथा आणि वर दोन बोटं जांभ्याच्या खड्यांचा थर. आमची तांबडी माती पावसात चिकट होते, म्हणून एक घमेलं मातीला दोन घमेली जाड वाळू आणि अर्धं घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत. वाळू नदीची घ्या. समुद्राची खारट असते, ती नको. कुंडी भरली की तांब्याभर पाणी ओतून बघा. पाणी वर तळं करून बसलं तर मिश्रण उपसा आणि आणखी वाळू घाला. इथे आळस केलात तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पिल्लू वीतभर झालं, चार-पाच पानं आली की मुळांसकट आईपासून सोडवा. जखम सुकायला दोन-तीन दिवस सावलीत पडू द्या, मग लावा. लावल्यावरही चार-पाच दिवस पाणी नको. एरवी बोट दोन पेरं मातीत घालायचं, ओल लागली तर पाणी द्यायचं नाही. उन्हाळ्यात माझ्याकडे आठ-दहा दिवसांनी एकदा पुरतं. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, ओल्या फडक्यानं पुसून काढा. बुडाची पानं पिवळी, पाणचट होऊन वास येऊ लागला तर लगेच झाड उपटा, सडलेली मुळं कापा, चार दिवस वाळवा आणि नव्या मातीत लावा. अशी माझी दोन झाडं वाचली आहेत.

आता पानाकडे वळू. कुंडी निथळायला हवी तसंच पानही निथळायला हवं, आणि हे पुष्कळजण विसरतात. दीड-दोन वर्षांच्या झाडाचं सगळ्यांत खालचं, जाड पान बुडातून कापा आणि कापलेली बाजू खाली करून पेल्यात वीस मिनिटं उभं ठेवा. पिवळा, कडू चीक खाली उतरेल. तो सालीच्या लगेच आत असतो, मधल्या गरात नाही. चीक अंगाला लागला तर खाज सुटते, पोटात गेला तर मुरडा येऊन जुलाब होतात. मग पान धुवा, काटेरी कडा काढा, साल सोला आणि गर दोनदा पाण्यात खंगाळा.

हा गर घामोळ्यांवर, उन्हानं रापलेल्या मानेवर मी लावते. तव्याचा चटका बसला तर आधी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, मग गर. फोड फुटलेला असेल किंवा भाजलेलं खोल असेल तर काहीही न लावता दवाखाना गाठा. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दिवसभर वाट बघा.

चीक आटवून सुकवला की काळाबोळ होतो. आजी तो सहाणेवर कोमट पाण्यात उगाळून मुक्या मारावर लावायची. मूल अंगावरचं तोडताना त्याचा कडूपणा कामी यायचा. पण एक गोष्ट कळकळीनं सांगते. बाळंतिणीला काही घरांत देतात तो हिराबोळ, आणि तो वेगळ्याच झाडाचा सुगंधी डिंक आहे. माझ्या वहिनीच्या वेळी दुकानातून नुसता "बोळ" मागितला आणि पुडीत काळाबोळ आला. आईनं वास घेऊन ओळखला म्हणून निभावलं. हिराबोळ तांबूस, सुवासिक खड्यांचा असतो. काळाबोळ काळसर, तुकतुकीत आणि जिभेवर टिकत नाही इतका कडू. नाव पूर्ण सांगूनच मागा, आणि पोटात काहीही देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आयुर्वेदात हिला कुमारी म्हणतात, कुमारी आसव प्रसिद्ध आहे, पण ते वैद्यांनी दिलं तरच घ्यावं. घरी मिक्सरमधून अख्खं पान फिरवून रोज पिणं मला मुळीच पटत नाही. अमेरिकेनं 2002 साली चिकाची रेचकं खुल्या विक्रीतून काढली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अख्ख्या पानाचा अर्क कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या संभाव्य पदार्थांत धरला आहे. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेहाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असलेलं माणूस, यांनी तर रस टाळावाच.

मृग लागायच्या आधी कुंड्या पडवीत घ्या, पागोळ्यांपासून हातभर आत, विटेवर उचलून. दसरा उलटला की परत अंगणात, पण पहिले आठ दिवस सकाळचंच ऊन. एकदम कडक ऊन लागलं तर पानं तांबडी पडतात.